सारवलेला थर

प्राचीन इराणमधल्या मातीच्या घरांचा अभ्यास मी कैक वर्षं केला, पण पुस्तकांतून. इकडे आपल्या चाकूरजवळच्या उत्खननात पहिल्यांदाच हजारो वर्षांपूर्वीच्या घराची जमीन माझ्या हाताला लागली. दुसऱ्या दिवशी तिचे फोटो काढायचे होते. सकाळी बघतो तर माती उपसायला येणाऱ्या मावशींनी ती अख्खी जमीन शेणानं सारवून ठेवलेली! मी डोकं धरून खाली बसलो, मग नको तेवढा ओरडलो. मावशी म्हणाल्या, “फोटू काढायचेत म्हनलाव की, सर. कुन्या बाईचं घर हाय ते. तसंच उखणलेलं लोकाला कसं दावावं?”

इतकी वर्षं पुस्तकांतून टिपणं काढताना मी वहीत अशा जमिनींना ‘थर क्रमांक तीन’, ‘थर क्रमांक चार’ असंच लिहीत आलो. तिथं कुणी बाई राहत होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.