‘माणूस’ नावाचा फोल्डर

मी नक्की काय काम करते, हे मोहन्यातल्या शेजारणींना आईला अजून नीट सांगता येत नाही. “जंगलात कॅमेरे लावते,” एवढं सांगते, आणि समोरचीनं “म्हणजे फोटोग्राफर?” विचारलं की चिडते. “फोटोग्राफर कशाला? सल्लागार आहे ती. कुठं काय लावायचं ते साहेब लोकांना सांगते.” आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी विहाराच्या अभ्यासिकेत बसून बीएस्सी केलं, मग एमएस्सी. त्यामुळे ‘सल्लागार’ या शब्दाचा जेवढा अभिमान आईला आहे, तेवढाच मलाही आहे. खोटं कशाला बोलू?

ठाण्याच्या डोंगरातलं जंगल, तिथले बिबटे कुठून ये-जा करतात, हे समजून घ्यायचं काम एका संस्थेनं घेतलेलं. झाडाला गुडघाभर उंचीवर कॅमेरा बांधायचा. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. कॅमेरे कुठं बांधायचे आणि आलेले फोटो कसे लावायचे, ही सगळी पद्धत मी लिहून दिलेली. फोल्डर तीन: प्राणी, माणूस, रिकामे. रिकाम्यात वाऱ्यानं हललेलं गवत, नाहीतर नुसतंच ऊन. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात माझा नियम: मूळ फोटो कधीही पुसायचा नाही. आज जो फोटो रिकामा वाटतो त्याच्याच कोपऱ्यात उद्या कुणाला तरी शेपूट सापडतं. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. त्या नियमाबद्दल माझं कौतुकही झालेलं.

हिवाळ्यात कॅमेरे बांधण्याआधी आम्ही जंगलाच्या कडेच्या पाड्यावर गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर बायका जमल्या. त्यात एक मावशी होती, सगळ्यांत मोठी. ती ठाण्याच्या मंडईबाहेर रानभाज्या विकते. पावसाच्या तोंडावर शेवळं, नंतर कंटोळी. शेवळं म्हणजे जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. नीट केली नाहीत तर घसा खाजून जीव नकोसा होतो, म्हणून ती प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं, म्हणजे ती खाज मारणारी आंबट रानफळं, देते आणि गिऱ्हाइकाला दम भरते, “हे टाकल्याबिगर शिजवशील तर माझं नाव घेऊ नको.”

तिनं मला विचारलं, “आमी पन त्याच वाटंनं जातो बाय. आमचा पन फोटो निघंल?”

“निघेल.”

“मंग?”

“मी पुसून टाकेन, मावशी. शब्द देते.”

“साहेबाला नाय दाखवनार?”

“नाही दाखवणार.”

तो शब्द मी मनापासून दिला. आणि कॅमेऱ्यांतली कार्डं उतरवायला लागल्यावर ऑफिसात बसून माझा नियमही मनापासून पाळला. माणसांचे फोटो ‘माणूस’मध्ये टाकले आणि ठेवून दिले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शब्द पाड्यावरचा होता, नियम कामाचा. दोघांची कधी गाठ पडेल, असं डोक्यातच आलं नाही.

पाऊस लागल्यावर कॅमेरे काढले. मग संस्थेच्या कोलशेतच्या ऑफिसात आढावा झाला. संस्थेचे साहेब माझ्या शेजारी बसून पडद्यावर बघत होते. त्यांची नजर ‘प्राणी’वर नाही, ‘माणूस’ फोल्डरवर थांबली.

“मॅडम, हा फोल्डर द्या ना मला. बरीच वर्दळ दिसतेय. आपल्या फिल्डवरच्या माणसांकडून ओळख पटवून घेऊ, यादी करू.”

“यादी कशाला, सर?”

“समज द्यायची. बाकी काय?”

समज म्हणजे काय, ते मला माहीत होतं. जंगलात शिरलात म्हणून पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा वनरक्षकाकडून टोपली उलटी. मी म्हटलं, “दोन दिवस द्या.” साहेबांना वाटलं, मला फोटो नीट लावायचेत.

तिथल्या तिथं पुसता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि झालं ते सगळं टळलं असतं. पण मला ते मावशीसमोर करायचं होतं. मी शब्दाची पक्की आहे, हे त्या बायकांनी डोळ्यांनी बघावं, अशी माझी इच्छा होती. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावून मी पाड्यावर गेले.

ओट्यावर पुन्हा सगळ्या जमल्या. मी खरं ते सांगितलं. पुसते म्हणाले होते, पुसलं नाही. आता साहेब मागतायत. आता तुमच्यासमोर पुसते.

“म्हंजे अजून हायेत?” मावशी म्हणाली. “चांगला गं तुझा शब्द!”

बाकीच्या हसल्या. मी मान खाली घालून फोल्डर उघडला. तेवढ्यात पाड्यावरची एक तरुण सून पुढं सरकली. “थांबा ना मॅडम. पुसायच्या आधी बघू तरी. आमी कशा दिसतो ते!”

मला बरंच वाटलं. त्यांचेच फोटो, त्यांनी बघितले तर काय बिघडलं? मी एकेक दाखवायला लागले. कुणाची मोळी, कुणाचा पदर काट्यात अडकलेला, कुणी कॅमेऱ्यासमोर वाकून आत डोळा लावलेला. हसून हसून बायकांचे डोळे भरून आले. “अगं हिचं नाक बघ, भोपळ्याएवढं आलंय!”

मग पडद्यावर मावशी आली. एकटी, डोक्यावर भरलेली टोपली, शेवळांचे कोंब काठाबाहेर डोकावतायत. मागं वाकडं झालेलं उंबराचं झाड. पुढचा फोटो, तीच जागा. त्याच्या पुढचा, तीच.

सून म्हणाली, “आत्ये, त्या उंबराकडं काय उगवत नाय म्हनलेलीस ना?”

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी म्हणाली, “मला पन तेच सांगितलेलं. तिकडं साप हायेत म्हने.”

“साप!” सून म्हणाली. “टोपलीत भरून आनलेत बघ साप!”

हशा झाला. मावशी हसली नाही. तिनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि उठून घरात गेली. तिच्यामागं ओट्यावर कुजबुज सुरूच होती. उंबर कोणता, नाल्याच्या अलीकडचा की पलीकडचा. मी घाईघाईनं फोल्डर पुसला. सगळ्यांसमोर पुसला. पण तेव्हा पडद्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, शब्द पाळला म्हणून शाबासकी देईल. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“अगं, जागा कुणी सांगतं का कुणाला?”

“कसली जागा?”

“मी टेकडीकडं अळंबी काढायला जायचे, आठवतं? शेजारीण इतकी मागं लागायची, नेलं कधी तिला? तुला तरी सांगितलेलं का? तू शाळेत बडबडली असतीस.” मग लाटणं पुन्हा उचलत म्हणाली, “तुझं एवढं शिक्षण झालं. आणि हे कसं नाय कळलं तुला?”

खरं तर मला कळायला हवं होतं. ती अळंबी खाऊनच मी वाढले. पण साहेब काय करतील, याचाच मी विचार केला. त्या बायकांना एकमेकींपासून काही झाकायचं असेल, हे मनात आलंच नाही. गरिबाला धोका नेहमी वरूनच येतो, असं मी कुठंतरी धरून चाललेले.

ऑफिसला पत्र लिहिलं. मी शब्द दिलेला, माझा नियम चुकीचा होता, फोल्डर मी पुसला आहे. यापुढं माणसाचा फोटो कार्ड उतरवल्या दिवशीच, कुणालाही न दाखवता पुसायचा. पटत नसेल तर दुसरा सल्लागार बघा. साहेब फोनवर म्हणाले, “मॅडम, तुम्ही टेक्निकल आहात. इतकं भावनिक होऊन चालत नाही.”

“हे टेक्निकलच आहे, सर,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी पाड्यावरच्या बायकांनी कॅमेरे फोडले तर बिबट्या कशात दिसणार?”

ते कुरकुरले, पण नवा नियम छापला गेला.

पुढच्या जूनमध्ये मंडईबाहेर मावशी दिसली. पुढ्यात मोजक्या जुड्या. चार पावलांवर ती सून बसलेली, तिच्यापुढं ढीग. मी मावशीसमोर उकिडवी बसले.

“उंबराखालचं सगळं गेलं,” तीच म्हणाली. “मुळापासनं उपटलं. थोडं ठेवावं लागतं बाय, पुढच्या सालाला. त्यांना काय म्हाईत.”

“माझ्यामुळं झालं, मावशी.”

“तुझ्यामुळंच,” ती म्हणाली. आणि दोन जुड्या, वर काकडं, माझ्या पिशवीत घातली. दम मात्र भरला नाही. मला तो हवा होता.

त्या हिवाळ्यात कॅमेऱ्यांची दुसरी फेरी होती. या वेळी मी एकटीच पाड्यावर गेले, आणि ओट्यावर नाही, मावशीच्या अंगणात बसले. विचारलं, “कुठं नको?”

ती बोटांवर मोजत सांगायला लागली. “पानवठ्याच्या वरच्या अंगाला नको. मोठ्या खडकाकडं नको. जुन्या खाणीच्या वाटंला नको. दोन सागांच्या मधी नको...” सात जागा सांगितल्या. मी नकाशावर सातही खुणा केल्या.

बरोबर काम करणारा सहकारी नंतर नकाशा बघून म्हणाला, “मॅडम, ह्यातल्या चार-पाच ठिकाणी नुसता कातळ आहे. तिथं कोण कशाला जाईल?”

“असू दे,” मी म्हटलं.

त्या सातही जागांवरचे कॅमेऱ्यांचे बिंदू सरकवले. त्यासाठी मोजणीची अख्खी जाळी नव्यानं आखावी लागली, तीन दिवस गेले. अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं: पाड्याची सूचना. आढाव्यात साहेबांनी तिथं बोट ठेवलं.

“सात जागा? ह्यातली नक्की कुठली महत्त्वाची आहे त्यांना?”

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.