सहाव्या खोलीतली ओल

रेनो कांगस आमच्या गावात ओल तपासायचा. नवं काँक्रीट पडलं की आम्ही फरशीवाले व्हायनलचे गठ्ठे घेऊन दारात उभे, आणि हा गुडघ्यांवर बसून जमिनीला भोकं पाडतोय. भोकात नळी बसवायची, वर बूच मारायचं, दुसऱ्या दिवशी आत काटा घालून ओल शंभरात किती, तो आकडा वाचायचा. पंच्याऐंशीच्या वर गेला की आमचं काम लांबलं. तो दिसला की आम्ही म्हणायचो, "आला मोडता घालायला!"

त्याची बायको लेम्पी विसरत चालली होती. आधी शेगडीवरची कॉफी, मग लेकीचं नाव. थँक्सगिव्हिंग झाल्यावर एका पहाटे ती अंगावरच्या झग्यानिशी बर्फात निघाली, माहेरच्या गाई दोहायच्या राहिल्या म्हणून. बर्फ ढकलणाऱ्या गाडीवाल्याला दिसली म्हणून वाचली, पण डाव्या पायाची बोटं गेली. तेव्हापासून रेनो दाराला खुर्ची लावून खुर्चीतच झोपायचा.

गावच्या वृद्धाश्रमाला अशाच विसरभोळ्यांसाठी नवा भाग बांधत होते. त्यातली सहावी खोली लेम्पीची ठरली होती. पण छप्पर उशिरा चढलं आणि सगळ्या शरदातलं पाणी जमीन पिऊन बसली. फरशीचं काम माझ्याकडे होतं. रेनोनं भोकं पाडली, त्यातलं एक सहाव्या खोलीत. आकडा आला चौऱ्याण्णव.

बांधकामावरचा मुकादम ड्वाइट पेल्की त्याचा शाळासोबती. तो म्हणाला, "लेका, तुझा काटा म्हातारा झालाय."

"काटा नवा आहे. म्हातारा मी."

"अरे, वर धूळ उडतेय आणि हा म्हणतो ओली!"

"वर धूळच आहे. आत तर्र आहे, तुझ्यासारखी."

ड्वाइट हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "रेनो, नवी भोकं वरवर पाड. आकडा आपसूक उतरेल. कोण मोजायला येतंय? लेम्पीला किती दिवस खुर्चीनं अडवशील?"

ड्रिलच्या पात्यावर, किती आत जायचं त्याची कडी असते, ती रेनोनं टोकाकडे सरकवली, म्हणजे भोक उथळ पडेल. पलंग येणार होता तिथं जाऊन गुडघे टेकले. आता पाडतोय, असं मला वाटलं. पाडावं, असंही वाटलं.

"गोंद किती धरेल?" त्यानं मला विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत. मग कडा उचलतील."

"ती पाय घासत चालते," तो म्हणाला. ड्रिल पेटीत ठेवलं आणि बाहेर येऊन ड्वाइटला म्हणाला, "जूनमध्ये बघू."

"तोवर टिकशील का तू?"

"मला काय धाड भरलीये!"

नाही टिकला. मार्चमध्ये त्याचा डोळा लागला आणि लेम्पी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडली. या वेळी मनगट मोडलं. लेक मिनीॲपोलिसहून आली, तिनं चार तासांवरच्या ग्रीन बेमधल्या वृद्धाश्रमात जागा शोधली.

"स्वतःच्या बायकोसाठी एक आकडा खाली आणता आला नाही, पप्पा?" ती म्हणाली.

"आकडा खाली आला असता गं. पाणी कुठं गेलं असतं?"

लेक पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. महिन्यानं तो लेम्पीला भेटायला निघाला. त्याला आता दिसायचं कमी, म्हणून गाडी मी चालवली. मांडीवर वेलदोड्याचा पाव कपड्यात गुंडाळलेला.

लेम्पीच्या खोलीत दोन पावलं टाकून तो थबकला. टाच दाबली. फरशी खालून पचकन वाजली, सांध्यातून काळपट गोंद वर आला. पलंगापासून न्हाणीपर्यंत सगळ्या कडा उचललेल्या. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

नर्स म्हणाली, "काय झालं आजोबा, काही सांडलं का?"

"नाही बाई. चिकटपट्टी असेल का, जखमेवर लावायची?"

तिनं एक रीळ आणून दिलं. रेनो गुडघ्यांवर बसला आणि एकेक कड पुसून त्यावर पट्टी दाबत पलंगापासून मागं सरकू लागला.

लेम्पी त्याच्याकडे टक लावून बघत होती. नर्सला म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. त्याला म्हणावं, जेवून जा."

"हो," रेनो खालूनच म्हणाला. रीळ संपलं होतं, आणि न्हाणीच्या उंबऱ्यापाशी दोन कडा अजून उघड्या होत्या.