कामाला इंग्रजीत किती शब्द

करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि विचारायचं, "सांग पाहू, वर्क म्हंजे काय?" समोरचा म्हणायचा, काम. की याचा अंगठा सरकलाच. "काम त झालंच. पन घाम निंघाला त लेबर. हाडं दुखली त टॉइल. सायबानं सांगतलं त ड्यूटी. नेमून देल्लं त टास्क." असं करत पोथी वाचल्यासारखा तो चारी बोटं संपवायचा, आणि तेवढ्या वेळात समोरच्याची तंबाखूही.

तुम्ही म्हणाल, विद्वान माणूस दिसतो. हाच घोटाळा आमच्या गावानंही केला. आमचं गाव बोरी अरबच्या अंगाला. तिथं इंग्रजी वाचणारा तो एकटा. यवतमाळला मॅट्रिकपर्यंत गेला, तिथं आपटला आणि परत आला तो थेट मारुतीच्या पारावर बसला. कधी कोणाला शिकवलं नाही, तरी लोक त्याला मास्तर म्हणत. मी म्हणत नसे. मी तिसरीत शाळा सोडली, पण तिफण धरली ती सरळ धरली. माणूस कसा आहे ते मला बोटं मोजून पाहावं लागत नाही.

कामाचे एवढे शब्द तोंडपाठ, पण काम? वावर दुसऱ्याला बटाईनं दिलेलं. बायको लवकर वारली, घरात एक पोरगी. ती लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची आणि या ऐतखाऊ बापाला पोसायची. संध्याकाळी डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन ती पारावरून जाई, तेव्हा हा कोणाला तरी लेबर आणि टॉइल यांतला फरक समजावत असे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भारा उतरवायलाही तो कधी उठला नाही.

आमच्याकडं मुलगी द्यायची तर आधी मुलाचं घर पाहायला जातात. नागपूरचं राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला लोकांना इंग्रजीचं भलतंच खूळ. घर पाहायला जाताना एक शिकलेला माणूस सोबत हवाच. तो मुलाला प्रश्न विचारणार, त्यानं मान डोलावली तर सोयरीक पुढं. झालं, याचं फावलं. जातीतल्या प्रत्येक सोयरिकीत पोह्यांची पहिली बशी याच्यापुढं.

माझ्या धाकट्या बहिणीला महागावकडचं स्थळ आलं. वडील याला घेऊन निघालेच. मी म्हटलं, "बाबा, पोरगा पाहाले चाल्लो का परीक्षा घ्याले?" ते म्हणाले, "तुले काय समजते? तू गप राय."

दोन मोटारी बदलून पोचलो. मुलगा वावरातून आला, आधी बैलांना पाणी दाखवलं, मग स्वतःचे पाय धुतले आणि आमच्यात येऊन बसला. मी तिथंच त्याला पास केला. विहिरीला पाणी, गोठा झाडलेला, आई हसतमुख. आणखी काय पाहायचं असतं? पण याचा अंगठा करंगळीवर गेला. वर्क म्हणजे काय? पोरगा म्हणाला, काम. अजून?

"मले येवढंच येते जी."

यानं बशी खाली ठेवली आणि मान आडवी हलवली. निघताना पोराचा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, नाटक.

परतीच्या मोटारीत तो वडिलांच्या कानाशी लागला. पोरगा बुद्दू आहे, तुमची मुलगी चार बुकं शिकलेली, तिच्या जन्माचं मातेरं होईल. वडिलांनी निरोप धाडला, जमत नाही. बहीण चुलीपुढं बसली होती. तिनं मला एवढंच विचारलं, "दादा, बैलायले पह्यले पानी देल्लं म्हने त्यानं?" मी हो म्हटलं. तिनं भाकर उलटली.

आणि पंधरवडा गेला नसेल तोच गावात बातमी आली. मास्तरनं एकट्यानं महागावकडं जाऊन तोच पोरगा आपल्या पोरीसाठी पक्का केला.

मी सरळ त्याच्या ओसरीवर गेलो. वयानं तो वडिलांच्या जोडीचा, पण त्या दिवशी मी वय पाहिलं नाही. "काहून रे भामट्या, आमच्या बहिनीले तो बुद्दू, अन् तुह्या पोरीले चालते?"

वाटलं, आता शब्दांची माळ काढेल. काढली नाही. खाली पाहत म्हणाला, "पोरगा सोनं हाये. मले तवाच समजलं."

"मंग आमाले खोटं काहून सांगतलं?"

"तुह्या बहिनीले बाप हाये, भाऊ हाये. तुमी दुसरं पाहून देसान. माह्या पोरीले कोन हाये? मी हावो. म्हंजे कोनीच नाई."

असं खरं बोलणाऱ्या लबाडाचं काय करावं, तुम्हीच सांगा. मारायला गेलो होतो. अंगणात थुंकलो आणि परत आलो.

पुढं बहिणीला मारेगावकडं दिली. बरं चाललं आहे म्हणते. ती कधी वाईट चाललं आहे म्हणणारीच नव्हे. तो पोरीच्या मागोमाग महागावकडं गेला आणि तिकडंच सरला. मी मातीला गेलो नाही.

त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या पोरीच्या लग्नात. वडील म्हणाले, जाऊ नको. म्हणून मी गेलो. भितो की काय कोणाला? बहीण तर सकाळपासून नवरीला हळद लावायला गेलेली. दोघी एका ओळीनं निंदण केलेल्या. बायांची तऱ्हाच वेगळी.

पंगतीत वरणाची बादली घेऊन तो स्वतः वाढत होता. जन्मात पाण्याची घागर न उचललेला माणूस. कडी रुतते म्हणून हाताला रुमाल गुंडाळलेला, धोतरावर वरण सांडलेलं, पंगत तोंड दाबून हसत होती. दोघातिघांनी बादली मागितली. त्यानं दिली नाही. वाढत वाढत माझ्या पत्रावळीपुढं आला, बादली खाली टेकवली, पळी भरली. मी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"घे गा," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नाचं हाये."

मी हात काढला नाही. त्यानंही पळी मागं घेतली नाही. वरण थेंब थेंब माझ्या बोटांवर पडत होतं, चांगलंच गरम होतं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, मास्तर, पुढं वाढा. तेव्हा कुठं तो कण्हत वाकला, बादली उचलली आणि शेजारच्या पत्रावळीकडं गेला.

मी कोरडा भात खाल्ला आणि उठलो.