तिसऱ्यांदा भाजलेला जवस
शेजारच्या काकूंनी जवस भाजायला घेतला की खमंग वास खिडकीतून आत येतो आणि मला बारावीनंतरच्या सुट्टीतली एक दुपार आठवते. बाबा वेल्डर होते. परदेशातल्या एका कंपनीनं त्यांची जागा शुक्रवारपर्यंतच धरून ठेवली होती आणि व्हिसा तीन महिन्यांपासून अडकला होता. सोबत न्यायची जवसाची चटणी वाट पाहण्यात दोनदा खवट झाली होती, म्हणून आई तिसऱ्यांदा जवस भाजून ती कुटत होती. गुरुवारी, कूलरच्या घरघरीत, बाबांच्या फोनवर मेल आला. घरात इंग्रजी मलाच येत असल्यामुळे त्यांनी फोन माझ्या हातात दिला. अर्ज अजून तपासणीत आहे आणि निर्णय कधी होईल ते सांगता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते मनातच पुन्हा वाचू लागले. "काहून थांबली वं? इंग्रजी शाळेत काय टायच बांधाले गेली होती?" बाबा हसत म्हणाले. आईचा खलबत्त्यातला हात थांबला. "जाहिरात आहे, बाबा," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते उठले, स्वतःच ताट घेतलं आणि आईसमोर जाऊन बसले. "भाकर असन तर दे वं. चटणी ताजीच चांगली लागते." आईनं बांधून न्यायचा डबा हळूच बाजूला सारला आणि चटणी ताटात वाढली. आता काकू वाटीभर चटणी पाठवतात, तेव्हा मी ती उद्यासाठी ठेवत नाही.