पावसामागचा वारा

"हंसे, येरी झालीस काय गो? काल सांचेपावत पानी परला, नि आज बोंबील टांगतंस?"

"परून गेला म्हनूनच टांगतंय."

उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर, बांबूंना दोऱ्या ताणून केलेल्या वलांडीखाली नवरा-बायकोचं जुंपलं होतं. दत्ताराम पहाटे होडी भरून बारा पाट्या बोंबील घेऊन आला होता. बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. ऊन चढेपर्यंत वाळायला घातला नाही तर वास मारतो. व्यापारी खताच्या भावात उचलायला टपलेलाच. जानेवारीतल्या त्या अवकाळीनं कालच आळीतल्या सगळ्यांचा माल कुजवला होता. आज एकही दोरी भरलेली नव्हती, आणि आभाळ अजून म्हशीच्या पाठीसारखं काळं.

"परत भिजला तं आख्खा माल खड्ड्यान," दत्ताराम म्हणाला.

"अवो, तीन दीस दखना वारा नि उकारा. मंग आबाल, मंग पानी. आता ऱ्हायला उत्तरंचा वारा. थंडीत ह्यो क्रम कदी चुकलाय? वसईच्या अंगाला बगा जरा!"

खाडीपल्याड ढगांच्या बुडाला सुरीनं चिरल्यासारखी उजळ फट पडली होती.

ऑफिसला निघालेली सून भाविका थांबली. शहरातल्या पूनम सागर सोसायटीत वाढलेली पोर. "आई, याला पश्चिमी झंझावात म्हणतात. मागून थंड हवा येते, गरम हवेखाली घुसून तिला वर ढकलते, म्हणून पाऊस. ती पुढे सरकली की कोरडं."

"नाव तुजा, वारा माजा. पर्स ठेव, एक पाटी टांग नि मंग जा."

हंसानं एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर फेकली. शेजारची ममता कमरेवर हात ठेवून हसली. "मावशे, कावल्यांना जेवान काय गो?"

"तुला बी बोलवीन पंगतीला!"

नऊला वारा ठार पडला. दत्ताराम दर दोन मिनिटांनी आभाळाकडे बघी आणि बायकोला द्यायच्या शिव्या गिळी. दहाच्या सुमारास दोरीवरच्या शेपट्या थरथरल्या, आणि बघता बघता हजारभर बोंबील एकदम दक्षिणेकडे कलले. उत्तरेचा वारा! गार, कोरडा, ओठ फोडणारा. दुपारी लख्ख ऊन पडलं. चौथ्या दिवशी बोंबील काठीसारखे खडखडत होते आणि तोच व्यापारी हात चोळत भाव विचारत होता. हंसानं त्याला सांगितलेला भाव ऐकून दत्ताराम खोकला.

ममता आली, आवाज उतरवून. "मावशे, पुढल्या टायमाला आमाना पन सांग गो."

"सांगन. आदी ती पाटी धर."

हंसा वलांडीवर चढली आणि वरच्या दोरीवरच्या जोड्या सोडवू लागली.