कडक हवेचे टायर

टायर घेताना मी दुकानदाराला तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं त्याने बाबांना दिली. टायरची बाजू किती जाड आहे, गिट्टीवर कापली जाईल का, डांबरी रस्त्यावर आवाज किती येईल. गाडी माझी, चालवणार मी, कागदावर नाव माझं. पण तो बोलत होता बाबांशी, आणि बाबाही मान डोलवत ‘बराबर, बराबर’ करत होते, जसे काही प्रश्न त्यांनीच विचारले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी यवतमाळातल्या कुठल्याही टायरच्या दुकानात ते पाहुण्यासारखे नाही, जावयासारखे बसतात.

शेवटी दुकानदाराने एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “मॅडम, पेशंट न्यायची गाडी असेल तर एवढे जाड नका घेऊ. कडक पडतात. मधले घ्या, अन् हवा कमी ठेवा.” तोवर माझा पारा इतका चढला होता की त्याने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी मी पश्चिमेला तोंड केलं असतं. दुकानातले सगळ्यात जाड, सगळ्यात दणकट ऑल-टेरेन टायर मी बसवायला सांगितले. चारही.

पेशंट म्हणजे माझी आई. तिच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी तिला यवतमाळला न्यावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास लागतो, आणि पुढचं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी गावातल्याच शाळेत शिकवते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारच्या पाळीला तिला नेता येतं. घरात मी, बाबा आणि आई, आणि ही छोटी एसयूव्ही. छोटी म्हणजे नावाला एसयूव्ही, पोटाने कारच.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत बारा किलोमीटर आहेत. तिथे पूर्वी रस्ता होता. खड्ड्यांचा होता, पण रस्ता होता. मग तो मंजूर झाला आणि आमचं नशीब फुटलं. ठेकेदाराने जुनं डांबर उखडलं, गिट्टी अंथरली, वर मुरूम टाकला आणि गेला तो गेलाच. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला. आता नुसती गिट्टी आहे, एकेक दगड धार वर करून उभा. कामाची पाटी मात्र मजबूत आहे, तिला सिमेंटचा पाया आहे. मी बांधकाम खात्यात तीन अर्ज दिले. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, काम प्रगतिपथावर आहे. मी म्हटलं, मग त्या पथावरून एकदा तुमच्या आईला घेऊन जा. तेव्हापासून मला त्या ऑफिसात कोणी खुर्ची देत नाही.

त्या गिट्टीने महिन्याभरात माझे कंपनीचे दोन टायर बाजूने फाडले. पंक्चर काढता येतं, बाजू फाटली की टायर भंगारात. पहिल्यांदा स्टेपनी होती. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा स्टेपनी दुरुस्तीलाच होती. आई भर उन्हात बाभळीच्या सावलीत, म्हणजे जवळजवळ उन्हातच, दोन तास बसली. कापसाचं एक छोटं मालवाहू वाहन थांबलं तेव्हा मशीनची वेळ टळून गेली होती. बाबा तिच्याशेजारी मातीत बसून तिच्यावर रुमालाने वारा घालत होते. मी त्या ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धरत होते. म्हणून हे टायर.

टायर चढले त्या दिवशी मी दाराच्या आतली चिठ्ठी वाचली. तेहतीस हवा लिहिली होती. गिट्टीवर त्याहून थोडी कमी बरी, एवढं मलाही कळत होतं. मी तीस भरून घेतली आणि आपण फार शहाणे आहोत असं वाटून घरी आले. दुसऱ्या दिवशी बाबांनी काठी आणली.

एसटीचा ड्रायव्हर डेपोतून निघताना चाकांवर ठोका मारून पाहतो. हवा भरपूर असली की चाक टणटण वाजतं, कमी असली की भद्द. बाबांनी तीस वर्षं असे ठोके मारले. पण बसचं चाक वेगळं, तिच्यात शंभराच्या वर हवा. माझ्या गाडीचं चाक शहाण्यासारखी हवा असेल तर भद्दच वाजणार. हे मी त्यांना समजावून सांगितलं. समजावून म्हणजे ओरडून.

“बसले हाय चारही टायर,” ते म्हणाले.

“बसले नाही बाबा, तेवढीच हवा लागते.”

“तू मले हवा शिकवून राह्यली? गिट्टीवर नरम टायर घेऊन जाशीन तं पुन्हा फाटन.”

“नाही फाटत. या टायरला तुम्ही हात लावायचा नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

त्या ‘बरं’नेच मला शंका यायला हवी होती. हा माणूस आयुष्यात कधी कोणाला बरं म्हणाला नाही. पण मी जिंकले या आनंदात होते. नव्या टायरची हवा महिनाभर हलत नाही, अशी माझी समजूत होती. मी पुन्हा मोजली नाही.

टायर फाटले नाहीत. गिट्टीवरून गाडी नुसती दणादण जायची. मी बाबांना ऐकवायची, पाहा, म्हटलं होतं ना. मागच्या सीटवर दोन उशा लावून आई आडवी असायची, डोळे मिटून. मला वाटायचं झोपली आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी गाडी दारात लावली तर आई खाटेवरून उठलीच नाही.

“मी नाई येत आता,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“नाई येत म्हंजे नाई येत. झालं आता. लय जगलो.”

आधी मी लाडीगोडी लावली, मग चिडले. असं कसं झालं आता, मी शाळा, घर, गाडी सांभाळून मरमर करते ते कशाला, असं सगळं बोलले. बोलू नये तेही बोलले. बाबा दारात उभे राहून जमिनीकडे पाहत होते. ती भिंतीकडे तोंड करून हात जोडून म्हणाली, “जाऊ दे मले, बाई.” डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, बरेच पेशंट या टप्प्यावर हिंमत सोडतात, समजूत काढा. मी मावशीला बोलावलं. मावशीने शेजघरात बसून तासभर समजूत काढली आणि डोळे पुसत बाहेर आली. पहिली खेप गेली. पाय सुजले. दुसरी गेली. पहाटे ती उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होती, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, कारण दुसरं काय आपटावं ते कळत नव्हतं.

त्याच सकाळी मी ठरवलं, दुपारी तिला उचलून गाडीत घालायचं, रडली तरी. शाळेत जाण्याआधी गाडी स्टँडवर पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. तीन आठवडे झाले होते, म्हटलं हवा बघून घ्यावी. चाचांनी मीटर लावला.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “ठीक हाय.”

मला वाटलं मीटर बिघडला. “चाचा, मी तीस भरली होती.”

“अवो ताई, तुमचे बाबाच तं भरून नेते. यवतमाळले जाचं असलं की सकाळीच गाडी आणते. मी बोललो, इतनी हवा मत डालो, गाडी उछलेगी. ते म्हनते, तू टाक.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती त्या दिवशी मला कळली. मी शाळेत असताना ‘गाडी धुवून आणतो’ म्हणून बाबा निघायचे. मी कौतुकाने सांगायची सगळ्यांना, या वयात गाडी धुतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! शाळेत निरोप पाठवला आणि गाडी तशीच घराकडे वळवली.

आईच्या खाटेजवळच आमचं भांडण झालं. मी त्यांना खोटारडे म्हणाले. आपल्या बापाला कोणी असं बोलत नाही. मग त्यांचाही आवाज चढला.

“हो, भरली! दोनदा फाटला टायर. दोन घंटे मातीत बसली ती. तिसऱ्यांदा नाई बसू देनार मी तिले. तुले काय बोलाचं ते बोल.”

“अन् गाडी किती आदळते ते?”

“आदळू दे. पोचते ना!”

“मी पोचतो का पन?”

हा आवाज खाटेवरून आला. आम्ही दोघं तिकडे वळलो. आई धापा टाकत, थांबत थांबत बोलली. “तुमी दोघं निस्ते टायर टायर करून राह्यले. मले इचारलं कोनी? मशीनवर चार घंटे झोपतो, त्याचं काईच नाई. त्या सुया बी नाई दुखत आता. पन ह्या रस्त्यानं जातानी पाठीचा एक एक मनका निखळते. येतानी पुन्हा तेच. पह्यलेच्या टायरनं असं नव्हतं होत.”

“मग सांगितलं का नाहीस?” मी तिच्यावरच ओरडले.

“कोनाले सांगू? तुया टायरले नाव ठेवू का ह्यायच्या हवेले?”

दुकानदाराने सांगितलं होतं, कडक पडतात. मी ऐकलं नव्हतं, कारण सांगणारा मला आवडला नव्हता. जाड टायर माझे होते, चव्वेचाळीस हवा बाबांची होती, आणि मध्ये तिची झिजलेली हाडं.

तरीही मला भांडायचंच होतं. मी बाबांना म्हटलं, चला, दाखवते तुम्हाला. त्यांना गाडी चालवायला बसवलं आणि मी मागे आईच्या उशांवर तशीच आडवी झाले, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांना शिकवायला निघाले होते मी. गावाबाहेर गिट्टी लागली आणि पहिल्याच दणक्याला जीभ दातांखाली आली. बसलेल्या माणसाला हातांचा, पायांचा आधार असतो. आडव्याला काही नसतं, दगड सरळ कंबरेत येतो. पहिल्या पुलियापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, मी दम धरला, मग ओरडले, थांबवा. माझं वय बेचाळीस, माझी हाडं धडधाकट.

“फाटला का?” बाबा घाबरून म्हणाले.

“नाही. तुम्ही या आता मागे.”

ते आडवे झाले. धोतर सावरत, काठी छातीशी धरून. मी गाडी चालवली, रोज चालवते तशीच, आणि परत घरापर्यंत आणली. गाडी थांबली तरी ते उठले नाहीत. मी दार उघडलं तेव्हा ते छताकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून कानाकडे पाणी गेलं होतं. मग ते उतरले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि हवेच्या तोंडातली पिन किल्लीच्या टोकाने दाबून धरली. हवा सूं करत जाऊ लागली.

“किती ठेवू?” त्यांनी विचारलं. मला. पहिल्यांदा.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. हेही पहिल्यांदाच.

दुपारी आईला उचलून नाही, विचारून गाडीत घेतलं. तिने आमच्याकडे पाहून हात पुढे केला. चाचांकडून मीटर आणि हवेचा छोटा पंप मागून घेतला आणि अठ्ठावीसवर निघालो. बाबा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुलियाजवळ तिने हाताने खूण केली, अजून काढ. मी उतरून काढली. पुढे पुन्हा थोडी. सव्वीसवर ती म्हणाली, “आता चालते.” मग सायकलवाला पुढे जाईल इतक्या हळू गाडी नेली, कारण हवा कमी केली की बाजू जपावी लागते. बारा किलोमीटरला पाऊण तास लागला. डांबरी रस्त्याला लागल्यावर छोट्या पंपाने पुन्हा तेहतीस केली. ठेकेदाराच्या पाटीपाशी मी नेहमीसारखी शिवी दिली. ती खरीच आहे, मी ती मागे घेणार नाही.

दवाखान्यात सिस्टर आईच्या पायांना बोट लावून पाहत होती. बोट रुतलं तिथे खळगा तसाच राहत होता. ती चिडली होती. तिचं बरोबर होतं. आमच्याकडे न पाहता तिने आईलाच विचारलं, “आजी, दोनदा का नाही आलात? जीव नकोसा झाला का?”

मी तोंड उघडलं. बाबांनीही उघडलं असावं. त्याआधीच आई म्हणाली, “गाडी बंद होती, बाई. हे दोघं तं रोज तयार व्हते.”

सिस्टरने ‘गाडी बंद’ असं लिहून घेतलं. मी आजवर साहेबांशी भांडले, दुकानदाराशी, बापाशी भांडले. त्या वाक्याशी मात्र मला भांडता आलं नाही. मी आणि बाबा मशीनच्या दोन बाजूंना चार तास बसून राहिलो, आणि आई झोपली. या वेळी खरंच झोपली आहे का, ते मी वाकून पाहिलं.