अलिफ, लाम, मीम

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. नमाजनंतर दुआ मागतानाही शब्दांत आणलं नाही — ज्याला सगळं ठाऊक आहे, त्याच्यापुढंही टाळाटाळच करत आले. बघा, माझी मजल कुठवर गेली!

शुक्रवार पेठेत अरबी वाचणारी म्हणून मला मान आहे. कुणाकडं कुराणखानी असली, मिळून कुराण वाचायचं असलं, की आधी मला बोलावणं येतं. तर — कुराणातल्या काही सुऱ्यांच्या, म्हणजे अध्यायांच्या, सुरुवातीला नुसती सुटी अक्षरं आहेत. अलिफ, लाम, मीम. त्यांचा शब्द होत नाही. मोठमोठ्या आलिमांनी तर्क केले आणि शेवटी म्हटलं, खरा अर्थ अल्लाहलाच माहीत. हे मला लहानपणीच शिकवलं होतं. म्हणजे मी अजाण नव्हते.

माझी धाकटी बहीण शबाना. तिला टेंभुर्णीचं स्थळ आलं. मुलगा केळीच्या व्यापारातला, हसतमुख. तिला तो आवडलाय, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. पण आमच्या घरात होकाराआधी फाल काढायची रीत — वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, डोळे मिटून कुराण उघडायचं आणि समोर येईल त्यातून होय की नाही ते समजून घ्यायचं. असं करू नये, असं मौलवीसाहेब सांगायचे. आमच्याकडं ऐकतंय कोण?

अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं शबानाच करायची. ती सासरी गेली असती तर अम्मी कुणाकडं आली असती? माझ्याकडंच की. माझ्या दोन खोल्या, त्यात सासू — हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. अम्मीची काळजी नव्हे, माझी.

शबानानं डोळे मिटून कुराण उघडलं. तिचं बोट सुऱ्याच्या सुरुवातीलाच टेकलं. अलिफ, लाम, मीम.

"क्या आया, आपा?"

काय सांगायला हवं होतं? इथं उत्तर नाही, तुझ्या मनाला विचार — इतकंच ना? मी बराच वेळ पानाकडं पाहत राहिले. मोठी जाणकार असल्यासारखी. आणि म्हणाले, "नक्को बोलके आया."

ती रडली नाही. कुराण जागेवर ठेवून अम्मीची चादर बदलायला उठली.

पुढं आणखी स्थळं आली, पण तिचं मन कुठं बसलं नाही. अम्मी गेली. शबाना त्याच घरात फॉल-पिको करते. ईदला मी तिला कापड नेते, आणि बहीण असावी तर अशी, असं गल्ली म्हणते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी दर वर्षी नेते.

यंदा रमजानात मी तिच्याकडं वाचत बसले होते. शिवता शिवता तिनं सहज विचारलं, या अलिफ, लाम, मीमचा अर्थ काय? पहिल्यांदाच मी खरं बोलले — अल्लाहलाच माहीत, कुणा माणसाला नाही.

मशीन थांबलं.

"पर तुमको तो मालूम था की, आपा."

मी पुढची आयत वाचायला घेतली. जरा मोठ्यानं.